केसांत अडकलेला ब्रश

मंजुळाचे केस विंचरायचे म्हणजे तिच्या आईला, मनुबाईला, मासळीची पाटी उचलण्यापेक्षा जड काम वाटायचं. पोरीचे केस जाड, राठ आणि चहूबाजूंनी फुललेले. खोबरेल चोपडलं की तेवढ्यापुरते बसायचे आणि अंगणात खेळून येईस्तोवर पुन्हा पिंजून वर यायचे. खाडीकाठच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या घराच्या पायरीवर मनुबाई लेकीला गुडघ्यांत दाबून बसवायची आणि वेण्या इतक्या आवळायची की पोरीचे डोळे ताणले जायचे. शाळेत तिला 'झिपरी' म्हणायचे. त्यावरून मंजुळा कुणाशी भांडली नाही, पण केसांकडे तिचं लक्ष लागलं ते तेव्हापासून. बाई समोर आली की मंजुळा आधी तिचे केस बघायची, मग तोंड.

लग्न होऊन ती कोपरीला आली. नवरा नामा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले बरेच महिने बाहेर. घरी रिकामं बसण्यापेक्षा काहीतरी शीक, असं त्यानंच सुचवलं. मंजुळा नौपाड्यात पार्लरचं काम शिकली, काही वर्षं दुसरीच्या पार्लरमध्ये राबली आणि मग कोपरीच्या घरातल्या पुढच्या खोलीत पडदा लावून तिनं स्वतःचं सुरू केलं. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, भिंतीवर देवाचा फोटो. येणाऱ्या बहुतेक भुवया कोरायला, नाहीतर केसांची टोकं कापायला यायच्या.

नव्वद साली नामानं दुबईहून तो ब्रश आणला. जाड दांडीला गोल ब्रश, आत धातूची नळी, नळीला भोकं आणि त्यांतून गरम वारा. प्लगच्या पिना चौकोनी होत्या, त्या बदलून घ्याव्या लागल्या.

"दुकानदार म्हनाला, कसले पन केस असूदे, सरल होतात," नामा म्हणाला. "मना तुजीच आठवन आली."

"म्हंजे माजे केस वाईट, असंच ना?"

"नाय गं बाय. तू किती वैतागतेस ते बगतो ना मी."

पहिले काही महिने मंजुळानं तो फक्त स्वतःवर चालवला. कान भाजला, मान भाजली, एकदा बट गुंतून उपटावी लागली. हळूहळू तिला त्याची खोड कळली. केस धुऊन टॉवेलनं टिपायचे, जरा ओलसर असतानाच भाग पाडून चिमट्यांनी वर बांधायचे. एका वेळी दोन बोटांत मावेल तेवढीच बट घ्यायची. ब्रश खालून, मुळापाशी लावायचा आणि केस ताणून धरत सावकाश टोकाकडे न्यायचा. टोकाशी आला की थोडा आत वळवायचा आणि बट गार होईपर्यंत सोडायची नाही, नाहीतर केलेलं सगळं वाया. आणि जाड केसांची मोठी बट मुळापर्यंत गुंडाळायची तर कधीच नाही. ब्रशचे काटे केस गिळतात, मग परत देत नाहीत.

हळूहळू बोलबाला झाला. कळव्याहून, माजिवड्याहून बायका यायला लागल्या. ज्यांचे केस कुणालाच आवरत नव्हते अशा.

नंदा निकम त्यांतलीच. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिची आई शीला तिला घेऊन आली. निकमांचं मूळ गाव साताऱ्याकडे. वडील उत्तमराव पाणीपुरवठ्यात फिटर, घर कळव्याला. नंदा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत टायपिस्ट होती. नाकीडोळी नीटस, बोलणं मोजकं आणि डोक्यावर मंजुळाच्या लहानपणासारखंच जंगल.

"हिला बघायला येणार आहेत," शीला म्हणाली. "दोन ठिकाणी नकार आला. तोंडावर कोण सांगत नाही, पण मला कळतं ना, केसांमुळंच. फोटोपण काढायचाय. असं करा की ओळखू येऊ नये."

मंजुळानं केलं. दुपार गेली, पण खुर्चीवरून नंदा उठली तेव्हा केस खांद्यावरून सरळ खाली उतरले होते, रेशमासारखे. शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. नंदा मात्र आरशात बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे धुतले की जाणार ना?"

"धुतले की जानार," मंजुळा म्हणाली. "घामानं पन जातात."

डोंबिवलीच्या शिर्क्यांनी होकार दिला. मुलगा रघुनाथ बँकेत, त्याची आई प्रमोदिनीबाई शाळेत शिक्षिका. साखरपुडा श्रावणात, मुलीच्या घरी ठरला. शीला पुन्हा कोपरीला आली. ह्या वेळी मंजुळानं घरीच यायचं होतं. निघताना शीला दारात घुटमळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तिकडच्या कोणाशी जास्त बोलू नका हां. त्यांना वाटतं पोरीचे केस असेच आहेत. मीच सांगितलं, जन्मापासून सरळ म्हणून."

एक दिवसाचं नटवणं वेगळं आणि जन्माचं खोटं वेगळं, एवढं मंजुळाला कळत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा न्हाणं होईल तेव्हा काय, असं विचारावं असं तिच्या तोंडावर आलं. पण आईलेकीच्या मामल्यात आपण कशाला, म्हणून ती गप्प बसली.

साखरपुड्याच्या दिवशी पाऊस नव्हता, पण हवा अशी की अंगाला कपडा चिकटावा. खाडीवरून वारा येत नव्हता. रिक्षानं पूल ओलांडून मंजुळा निकमांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पोचली तेव्हाच तिला वाटलं, आज केस ऐकणार नाहीत. आतल्या खोलीत नंदाला खिडकीपाशी स्टुलावर बसवून तिनं कपाटामागच्या बोर्डात ब्रश लावला. पंखा बंद करायला सांगितला, तर शीला चिडली. "पोरगी घामानं निथळेल की!"

"वारा लागला तर केस उडतात, वहिनी. बट धरता येत नाय."

डावी बाजू झाली. मंजुळाच्या स्वतःच्या पाठीवरून घाम ओघळत होता. नंदाचे हात मांडीवर एकमेकांत इतके घट्ट होते की नखं पांढरी पडली होती.

"घाबरलीस गं?"

"नाही," नंदा म्हणाली. मग जरा थांबून, "मंजुळाताई, हे दर आठवड्याला करायचं म्हटलं तर जमेल मला?"

"आठवड्यानं नाय भागनार. रोज सकाली उटून? नवरा उटायच्या आदी?"

नंदानं उजव्या बाजूची राठ बट बोटांत धरून बघितली.

तेवढ्यात फट् असा आवाज झाला आणि लाईट गेली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू, बाहेरच्या खोलीत कुणीतरी इस्त्री लावलेली आणि इकडे ब्रश. फ्यूज उडाला होता. उत्तमराव जिन्यानं खाली मीटरपाशी धावले. त्यांना टॉर्च धरायला कुणी मिळेना, म्हणून मंजुळाच मागोमाग गेली. जाताना ब्रश टेबलावर ठेवला, पण लाईटच नाही म्हटल्यावर बटण बंद करायचं तिच्या मनात आलं नाही.

मीटरच्या फळीसमोर उत्तमराव तार गुंडाळत होते. "मला हे पटलेलं नाही," ते अचानक म्हणाले, तिच्याकडे न बघता. "पोरीचे केस चांगले आहेत. माझ्या आईचे असेच होते." मंजुळा टॉर्च धरून उभी राहिली. त्यांनी फ्यूज बसवला. वरून पंख्यांची घरघर सुरू झाली आणि पाठोपाठ किंकाळी आली.

मंजुळाला काय झालंय ते बघायची गरजच पडली नाही. "भाऊ, काढा! फ्यूज काढा परत!"

उत्तमरावांनी तो उपसून काढला. मंजुळा दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचली.

शीलाला दम धरवला नव्हता. पाहुणे येतील, अर्धं डोकं तसंच राहील, ह्या धास्तीनं तिनं ब्रश उचलला आणि कपाळाच्या उजव्या बाजूची मूठभर ओलसर बट पार मुळापर्यंत गुंडाळली. लाईट आली तशी नळी तापली. घाबरून ती सोडवायला गेली आणि उलटा पीळ दिला. आता ब्रश नंदाच्या कपाळाला आडवा चिकटून होता, दांडी कानाजवळ लोंबत होती, आणि शीला दोन्ही हातांनी ओढत होती.

"सोडा! हात सोडा आदी!" मंजुळानं तिचे हात बाजूला केले. प्लग उपटला, कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवून टॉवेल पिळला आणि नळी आणि कातडी यांच्यामध्ये सारला. चर्र असा बारीक आवाज झाला. नंदा ओठ चावत होती.

"भाजतंय?"

"आता कमी."

मंजुळानं ब्रश जरा फिरवून बघितला. तो तसूभरही हलला नाही. केस काट्यांमध्ये घट्ट बसले होते, एकावर एक थर, जाळ्याच्या गाठीसारखे.

"कापा," शीला म्हणाली. "कातरी घ्या नि कापा पटकन."

"वहिनी, ही बट मुलापासनं बसलीय. कापली तर इथं टक्कल दिसेल. तलहाताएवढं. कपालावर."

"मग काय करायचं? आं? काय करायचं आता?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. डोंबिवलीची मॅटॅडोर आली होती. किंकाळी ऐकून खोलीत जमलेल्या नात्यातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शीलानं दार ओढून घेतलं, पण कडी लावायचं सुचलं नाही.

मंजुळानं चिमट्यांनी बाकीचे केस दूर केले आणि कंगव्याच्या निमुळत्या टोकानं कडेची एक बट उकलायला घेतली. एक केस सुटला, दुसरा तुटला. कोरड्या केसांत हे व्हायचं नव्हतं. तिनं हात थांबवले.

"तेल लावलं तर सुटंल," ती नंदाला म्हणाली, आईला नाही. "पन तेल लावलं की आजचं सरल केलेलं गेलं. ते परत जमनार नाय."

"तेल नको!" शीला म्हणाली.

"लावा," नंदा म्हणाली.

मंजुळानं खोबरेलाची बाटली ओतली. तेल नंदाच्या भुवईवरून, गालावरून ओघळून नव्या साडीच्या पदरावर पडलं. शीलानं तोंडावर हात घेतला. बाहेरच्या खोलीत हसणं, खुर्च्या सरकवणं, उत्तमरावांचा कसनुसा आवाज, "या, या, बसा." मंजुळाची बोटं चालत होती. तिला फक्त काटे आणि केस दिसत होते, आणि तरी बाहेरचा प्रत्येक शब्द कानावर पडत होता. कुणीतरी बाई म्हणाली, "मुलीला साडी द्यायचीय, आत जाऊन येते." पावलं जवळ आली.

दार उघडलं. प्रमोदिनीबाई हातात ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात साडी, नारळ, हळदकुंकू. त्यांनी नंदाकडे बघितलं. डावीकडे सरळ, तुळतुळीत केस. उजवीकडे फुलून वर आलेले, राठ. कपाळावर तेलानं माखलेला ब्रश.

"हे काय?"

शीला पुढे झाली.

"ह्या बाईनं केलं," शीलाचा आवाज फाटला. तिनं मंजुळाकडे बोट दाखवलं. "चांगले सरळ केस होते पोरीचे. हिच्या ह्या यंत्रानं जाळून टाकले, असे झाले बघा. कुठून बोलावली असं झालंय."

मंजुळाचे हात थांबले. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण ते सांगितलं की स्टुलावरच्या पोरीचं ठरलेलं लग्न तिच्या तोंडून मोडणार होतं. न सांगावं तर उद्यापासून कळव्यात तिच्या नावानं काय बोललं जाईल हेही तिला दिसत होतं. नंदाच्या डोक्यावरून तिनं बोटं उचलली नाहीत, आणि म्हणूनच तिला ते आधी कळलं. नंदाची मान ताठ झाली.

"नाही," नंदा म्हणाली. "माझे केस असेच आहेत. उजवीकडे दिसतात तसे. जन्मापासून. मंजुळाताई फक्त सरळ करून द्यायच्या. आणि आज ब्रश त्यांनी नाही, आईनं फिरवला."

"नंदे!"

"आई, पुरे आता."

प्रमोदिनीबाईंनी ताट शेजारच्या पलंगावर ठेवलं. त्या शीलाकडे वळल्या नाहीत. नंदाला म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला खोटं सांगितलं. केसांचं एवढं काय होतं? अजून काही असेल तर आत्ताच सांग."

नंदानं श्वास घेतला. मंजुळाला तो हाताखाली जाणवला.

"आहे. लग्नानंतर मी नोकरी सोडणार असं आईनं तुम्हाला सांगितलं. मला सोडायची नाहीये. मला कुणी विचारलंच नाही."

प्रमोदिनीबाईंनी ताट तिथंच सोडलं. मग बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं. बाहेरचं हसणं थांबलं, कुजबुज सुरू झाली, एका माणसाचा आवाज चढला, "फसवणूक आहे ही सरळसरळ." शीला भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली, आवाज न करता.

उत्तमराव आत आले. त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी उघडली आणि बारीक पक्कड काढली. "काटे छाटले तर?"

मंजुळानं ब्रशकडे बघितलं. नामानं दूरवरून जपून आणलेली वस्तू. "छाटा," ती म्हणाली. "मी केस धरते. तुमी काटा मुलातनं तोडा."

त्यांनी एकेक काटा तोडायला सुरुवात केली. प्रत्येक काट्याला बारीक टक् आवाज व्हायचा आणि मंजुळा मोकळे झालेले चार-सहा केस बाजूला घ्यायची. बाहेर बोलणं चालूच होतं. मध्येच उंबऱ्याशी कुणीतरी येऊन थांबल्याचं तिला जाणवलं. तिनं मान वर केली. रघुनाथ होता. नव्या सफारीत अवघडलेला, घामाघूम. त्याच्यामागे त्याची आई.

त्यानं नंदाच्या कपाळाकडे बघितलं, टॉवेलच्या कडेला लाल झालेल्या कातडीकडे.

"फार भाजलंय का?" त्यानं विचारलं.

भाजल्यापासून मंजुळाखेरीज हे कुणी विचारलं नव्हतं. नंदा इतका वेळ रडली नव्हती, ती आता रडली. मानेनंच नाही म्हणाली.

"बर्फ मागवू का?" तो मंजुळाकडे वळला.

"बर्फ नको. गार पानी चालंल. भरपूर."

तो स्वतः स्वयंपाकघरात गेला आणि तांब्या घेऊन आला. प्रमोदिनीबाईंनी ते बघितलं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. पण त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "नोकरीचं ह्यानं ठरवायचं, संसार ह्याला करायचाय. मी स्वतः नोकरी केली, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? पण विहीणबाई, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, ते मी विसरणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

शीलानं पदरानं डोळे पुसले.

शेवटचा काटा तुटला आणि ब्रश मंजुळाच्या हातात आला, बोडका, तेलकट. काही केस गेले होते, पण बट वाचली होती. मंजुळानं सरळ केलेली बाजूही पाण्यानं ओली केली आणि दोन्हीकडचे केस एकत्र घेऊन सैलसर वेणी घातली. आवळली नाही. भाजलेल्या जागेवर केस येणार नाहीत अशा बेतानं भांग वाकडा पाडला. मुहूर्त टळून गेला होता. गुरुजींनी कुरकुर केली, पण साखरपुडा झाला.

मंजुळा जेवायला थांबली नाही. बोडका ब्रश पिशवीत घालून ती जिना उतरली.

पुढचे महिने तिला कठीण गेले. प्रमोदिनीबाई खरं बोलल्या होत्या, त्या विसरल्या नाहीत. शीलाला तो अपमान कुणावर तरी काढायचा होता आणि तो तिनं मंजुळावर काढला. कोपरीच्या पार्लरमध्ये पोरींना भाजतात, असं कळव्यात पसरलं. बायका यायच्या थांबल्या. मनुबाई एकदा पाटी घेऊन कळव्याला गेली, तर तिलाही दोघींनी विचारलं. ती संतापून लेकीकडे आली. "त्या बायच्या दारात जाऊन बोंबलते मी, बग!"

"नको, आये," मंजुळा म्हणाली. "तिची पोर सासरी जायची हाय."

ब्रश मोडल्याचं तिनं नामाला तो घरी आल्यावर सांगितलं. त्यानं बोडकी नळी हातात घेऊन फिरवून बघितली. "पोर वाचली ना?" एवढंच म्हणाला. मंजुळा साधा ड्रायर एका हातात आणि लाकडी गोल ब्रश दुसऱ्या हातात घेऊन काम करू लागली. खांदे दुखायचे, वेळ दुप्पट लागायचा. खुर्चीपासून दोन पावलं जरी जायची झाली तरी ती आधी प्लग काढायची.

मार्गशीर्षात लग्नाला थोडे दिवस राहिले असताना शीला कोपरीला आली. पडद्याबाहेर उभी राहिली. आत एक गिऱ्हाईक होतं, ते उठून जाईपर्यंत ती आत आलीच नाही.

"नंदा म्हणते, दुसऱ्या कोणाचा हात डोक्याला लागू देणार नाही," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "याल ना?"

मंजुळा वाट बघत होती, आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही. शीलाच्या हातातली पिशवी ह्या हातातून त्या हातात जात होती. मनात आलेलं सगळं बोलून टाकावं असं मंजुळाला क्षणभर फार वाटलं. मग तिनं विचारलं, "कपालावरचं भरलं का?"

"भरलं. जरासा पांढरा डाग आहे. तिथं केस येत नाहीत."

"फुलं लावू तिथं," मंजुळा म्हणाली. "सकाली लवकर येते. केस आदल्या दिवशी धुऊन ठेवा म्हनावं, आनि कोन ओढू नका."

शीलानं मान हलवली आणि गेली. कळव्याच्या बायका लगेच परत आल्या असं नाही. त्याला आणखी दोन-एक वर्षं लागली. पण लग्नाच्या सकाळी नंदाच्या खोलीत मंजुळा होती, दारं-खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता, आणि नंदाचे केस होते तसे, भरगच्च, अंबाड्यात मावेनात म्हणून पाठीवर मोकळे सोडले होते.

"हे असेच राहू देत," नंदा आरशात बघत म्हणाली. "त्यांनीच सांगितलंय."

"कोनी? सासूनी?"

"नाही," नंदा हसली. "नवऱ्यानं."

मंजुळानं शेवंतीची वेणी डागावरून आडवी बसवली, चिमटा लावला आणि नंदाचा चेहरा हनुवटीला धरून खिडकीकडे वळवला, नीट बसलीय का ते बघायला.